प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्रातील सांधे

विद्यापीठीय पदवीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रात यामिकीनंतर तरंग व ध्वनी, उष्णता व ऊष्मागतिकी आणि शेवटी विद्युतचुंबकत्व असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. डेव्हिड हॅलिडे आणि रॉबर्ट रेस्निक यांच्या १९६० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि आजही वापरात असलेल्या पाठ्यपुस्तकातही हाच क्रम आहे, आणि महाराष्ट्रातील बी.एस्सी.च्या वर्गांत विषय वेगवेगळ्या सत्रांत व पेपरांत विभागले गेले तरी त्यांचा आशय तोच असतो. या विभागणीचा एक परिणाम मात्र होतो: विषयांच्या वह्या वेगळ्या, शिक्षक वेगळे, परीक्षा वेगळी, आणि त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ती तीन स्वतंत्र शास्त्रे होऊन बसतात. वास्तविक हे विषय जिथे एकमेकांना मिळतात त्या सांध्यांवरच भौतिकशास्त्राची पकड बसते; पाठ्यपुस्तकांत मात्र हे सांधे एखाद्या परिच्छेदात उरकलेले असतात आणि परीक्षेत त्यांवर प्रश्न क्वचितच येतो.

तरंगापासून आरंभ करणे सोयीचे आहे. माध्यमाचे कण आपापल्या जागीच मागेपुढे किंवा वरखाली हलत असताना त्यांच्यातील विक्षोभ पुढे सरकत जाणे म्हणजे तरंग. वाऱ्याच्या झुळुकीने डोलणाऱ्या ज्वारीच्या शेतात लाट एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाते, पण एकही ताट आपली जागा सोडत नाही, तसेच हे असते. लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी, एका सेकंदात एखाद्या बिंदूवरून जाणाऱ्या शिखरांची संख्या म्हणजे वारंवारता, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग, हे सूत्र शाळेतच पाठ झालेले असते. परंतु हे सूत्र वेग किती आहे ते सांगते, तो तितकाच का आहे ते सांगत नाही. त्याचे उत्तर माध्यमात असते. विस्थापित झालेला कण मूळ जागी खेचून आणणारा ताठरपणा जितका जास्त तितका वेग जास्त, आणि माध्यमाचे जडत्व जितके जास्त तितका वेग कमी. नेमकेपणाने सांगायचे तर वेग हा या दोहोंच्या भागाकाराचे वर्गमूळ असतो. ताणलेल्या तारेत ताठरपणाची जागा ताण घेतो आणि जडत्वाची जागा तारेचे दर मीटरमागचे वस्तुमान घेते, म्हणूनच तंबोऱ्याची खुंटी पिळली की स्वर चढतो आणि खर्जाची तार जाड असते.

हेच तत्त्व हवेतील ध्वनीला लावले की अभ्यासक्रमातला पहिला मोठा सांधा समोर येतो. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया'त ध्वनीचा वेग सिद्धान्तावरून काढला. हवा दाबली की ती उलट दाबते, हा तिचा ताठरपणा. आणि तापमान स्थिर असताना वायूचा दाब व आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो या बॉईलच्या नियमानुसार तो ताठरपणा हवेच्या दाबाएवढाच येतो. आजचे आकडे घालून पाहिले, तर शून्य अंश सेल्सिअसला हवेचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल आणि घनता दर घनमीटरला सुमारे १.२९ किलोग्रॅम असल्यामुळे वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर निघतो. प्रत्यक्ष मोजलेला वेग मात्र सुमारे ३३१ मीटर आहे. ही तफावत मोजणीतील चुकीच्या पोटात मावणारी नव्हती आणि न्यूटनला तिची जाणीव होती. पुढच्या आवृत्तीत त्याने हवेतील कणांची घनरूप जाडी, हवेतील बाष्प अशी कारणे पुढे करून ती भरून काढण्याचा प्रयत्न केला; पण ती स्पष्टीकरणे टिकली नाहीत, आणि हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला.

त्याचे उत्तर लाप्लासने १८१६ साली प्रसिद्ध केले, आणि ते उष्णतेच्या शास्त्रातून आले. ध्वनितरंग जात असताना हवेचे थर आळीपाळीने दाबले जातात आणि विरळ होतात. दाबलेला थर किंचित तापतो, विरळ झालेला किंचित थंड होतो. तापलेल्या थरातील उष्णता शेजारच्या थंड थरात जायला पुरेसा अवधी मिळाला तर तापमान सारखे राहील आणि न्यूटनचे गणित बरोबर ठरेल. तेवढा अवधी मिळतच नाही. ज्या बदलात उष्णतेची देवघेव होत नाही त्याला ॲडियाबॅटिक बदल म्हणतात, आणि अशा बदलात हवा न्यूटनने मानले त्यापेक्षा १.४ पट ताठर ठरते, कारण दाबल्यामुळे वाढलेले तापमानही दाबात भर घालते. १.४ चे वर्गमूळ सुमारे १.१८, त्याने २८० ला गुणले की ३३१ येतात. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत क्लेमाँ आणि देझॉर्म यांच्या पद्धतीने हा १.४ चा गुणांक काढण्याचा प्रयोग असतो: मोठ्या काचेच्या बाटलीत हवा थोडी दाबून भरायची, तोंड क्षणभर उघडून बंद करायचे आणि दाबमापीवरील दोन वाचने घ्यायची. तो प्रयोग उष्णतेच्या जर्नलमध्ये लिहिला जातो, सही होते, आणि याच आकड्याने ध्वनीच्या वेगाचे शतकभराचे कोडे सोडवले ही गोष्ट विद्यार्थ्याच्या कानावर येतेच असे नाही. ती सांगण्याला पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांनी त्या बाटलीला अर्थ येतो.

उष्णतेला अवधी मिळत नाही हे विधानही नुसते मान्य करण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब करता येतो, आणि त्या हिशेबासाठी उष्णता किती वेगाने पसरते हे ठाऊक असावे लागते. उष्णतावहनाचे समीकरण जोसेफ फूरिए याने मांडले. त्याचा पहिला निबंध १८०७ सालचा आणि ग्रंथ १८२२ सालचा आहे. हे समीकरण आणि तरंगाचे समीकरण शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. दोन्हींच्या एका बाजूला अवकाशातील वक्रता असते, म्हणजे एखाद्या बिंदूवरील मूल्य आजूबाजूच्या मूल्यांच्या सरासरीपासून किती ढळले आहे याचे माप. तरंगाच्या समीकरणात ही वक्रता प्रवेग ठरवते. उष्णतेच्या समीकरणात ती केवळ बदलाचा दर ठरवते. एवढ्या फरकाचा परिणाम प्रचंड आहे. तरंग दुप्पट वेळात दुप्पट अंतर जातो, तर उष्णतेला दुप्पट अंतर पसरायला चौपट वेळ लागतो. सेकंदाला ३४० कंपने असलेल्या स्वराची हवेतील तरंगलांबी सुमारे एक मीटर असते, म्हणजे दाट थर आणि विरळ थर यांच्यात अर्ध्या मीटरचे अंतर असते. ते केवळ वहनाने पार करायला उष्णतेला कित्येक मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागेल, आणि इकडे सेकंदाच्या सुमारे सातशेव्या भागातच दाट थर विरळ झालेला असतो. लाप्लासचे म्हणणे इतक्या फरकाने खरे आहे.

दोन समीकरणांतला आणखी एक भेद याहून खोल आहे. तरंगाच्या समीकरणात काळाची दिशा उलटी केली तरी ते जसेच्या तसे राहते; उजवीकडे जाणारा तरंग डावीकडे जाईल, इतकेच. उष्णतेच्या समीकरणात काळ उलटा केला की चिन्ह बदलते आणि पसरलेली उष्णता आपोआप एका जागी गोळा होऊ लागते, जे निसर्गात कधीच घडत नाही. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम, जो पुढे काही आठवड्यांनी वेगळ्या प्रकरणात येतो आणि विद्यार्थ्यांना सर्वांत गूढ वाटतो, त्याची खूण अशी या साध्या समीकरणातच उमटलेली असते.

फूरिएने उष्णतेचा प्रश्न सोडवताना जी युक्ती वापरली ती पुन्हा तरंगांकडे घेऊन जाते. तापमानाची कोणतीही मांडणी अनेक साध्या ज्यावक्रांची, म्हणजे नियमित चढउतार असणाऱ्या वक्रांची, बेरीज म्हणून लिहिता येते, असे त्याने प्रतिपादले. लाग्रांजसारख्या श्रेष्ठ गणितज्ञाला ते पटले नव्हते. आज ही पद्धत ध्वनी, प्रकाश आणि विद्युतमंडले यांच्या अभ्यासात सर्वत्र वापरली जाते. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेच्या बाबतीत ते साधे ज्यावक्र म्हणजे तारेचे स्वाभाविक कंपनप्रकार. त्यांच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटींत असतात आणि त्यामुळे तारेचा नाद सुरेल लागतो. ताणलेल्या गोल पडद्याचे तसे नसते. त्याच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला निश्चित स्वर लागत नाही. तबला आणि मृदंग मात्र स्वरात मिळवता येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, पुडीच्या मध्यावर चढवलेल्या शाईच्या थरामुळे पडद्याचे वस्तुमान अशा रीतीने वाटले जाते की त्याच्या वारंवारता पूर्णांकी पटींच्या अगदी जवळ येतात. ज्या अनाम कारागिरांनी शाईचे थर घोटून घोटून हे साधले त्यांना फूरिएचे गणित माहीत नव्हते, पण त्यांचे कान ते उत्तर ओळखत होते. महाराष्ट्रात तरंगांचा धडा शिकवताना याहून जवळचे आणि याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

उष्णता म्हणजे ऊर्जेचेच एक रूप, हा विचार आज सहज वाटतो. तो रुजायला अर्धे शतक लागले. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना घर्षणाने उष्णता जणू अमर्याद निघत राहते, हे रम्फर्डने १७९८ साली नोंदवले, आणि १८४० च्या दशकात जूलने पाणी घुसळून उष्णता व यांत्रिक कार्य यांचा विनिमयदर ठरवला. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ जूल. हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, म्हणजे ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा पाया होय. पहिला नियम विद्यार्थ्याला अडवत नाही. अडवतो तो दुसरा. सादी कार्नो याने १८२४ साली दाखवले की उष्णतेचे कार्यात रूपांतर करणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या कार्यक्षमतेला एक कमाल मर्यादा असते आणि ती केवळ दोन तापमानांवर अवलंबून असते: उष्णता जिथून घेतली जाते ते आणि उरलेली जिथे टाकली जाते ते. चंद्रपूर किंवा कोराडी येथील केंद्रांसारख्या औष्णिक वीजकेंद्रात वाफेचे तापमान ५४० अंश आणि थंड बाजूचे ३० अंश सेल्सिअस धरले, तर निरपेक्ष तापमापनात ते अनुक्रमे ८१३ आणि ३०३ केल्व्हिन होतात, आणि कमाल कार्यक्षमता सुमारे ६३ टक्के येते. कोळशावरील केंद्रांची प्रत्यक्ष कार्यक्षमता साधारणपणे ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. शीतकरण मनोऱ्यांतून आकाशात जाणाऱ्या वाफेकडे पाहून ती केवळ ढिसाळ व्यवस्थेची नासाडी आहे असे समजणाऱ्याला हे माहीत असावे की, तिचा मोठा भाग निसर्गनियमाने वसूल केलेला आहे आणि कितीही कुशल अभियंता तो वाचवू शकणार नाही. या मर्यादेचे माप म्हणून क्लाउझियसने १८६५ साली एन्ट्रॉपी ही संज्ञा दिली, आणि एकच बाह्य स्थिती कणांच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी साधता येते त्या संख्येशी बोल्ट्झमनने तिचा संबंध जोडला.

विद्युतचुंबकत्वाकडे वळताना अडचणीचे स्वरूप बदलते. इथे दोरी, हवा किंवा वाफ असे डोळ्यांपुढे आणता येण्याजोगे काही नसते. असते ते क्षेत्र, म्हणजे अवकाशातील प्रत्येक बिंदूला जोडलेली दिशा आणि परिमाण. ही कल्पना मायकेल फॅरेडेच्या प्रयोगांतून घडली. त्याला औपचारिक गणित जवळपास येत नव्हते, आणि लोहचुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसातून दिसणाऱ्या बलरेषा त्याने कल्पनेने अवकाशभर पसरलेल्या पाहिल्या. आजच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र प्रथम गणित येते: बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारे क्षेत्र मोजणारा डायव्हर्जन्स, बिंदूभोवती क्षेत्र किती फिरते हे मोजणारा कर्ल, आणि त्यांवर उभी असलेली समाकले. गणिताच्या तासाला हे विषय पोहोचण्यापूर्वीच भौतिकशास्त्राच्या तासाला त्यांची गरज पडावी, असे वेळापत्रक पुष्कळ ठिकाणी असते, आणि हा दोष विद्यार्थ्यांचा नाही.

गणित जमले तरी संकल्पना समजली असे होत नाही, याचा पुरावाही उपलब्ध आहे. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझुर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना विद्युतमंडलाविषयी दोन प्रकारचे प्रश्न दिले: एकात किर्खोफचे नियम लावून प्रवाह आणि विभवांतर काढायचे होते, तर दुसऱ्यात कळ दाबल्यावर कोणता दिवा अधिक उजळ होईल आणि कोणता मंद, एवढेच आकडेमोड न करता सांगायचे होते. दुसरा प्रश्न तज्ज्ञाला सोपा वाटतो. विद्यार्थ्यांना तोच अधिक कठीण गेला. दिव्यातून जाताना विद्युतप्रवाह काही प्रमाणात संपतो, ही समजूत जगभरच्या विद्यार्थ्यांत आढळते आणि आकडेमोडीच्या सरावाने ती जात नाही. या अनुभवातून माझुर यांनी वर्गात विद्यार्थ्यांनी एकमेकांशी वाद घालून उत्तर ठरवण्याची पद्धत विकसित केली आणि १९९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. या पद्धतीला महागडे साहित्य लागत नाही. बॅटरी, तारा आणि तीन एकसारखे दिवे पुरतात.

प्रवाहाविषयीचा दुसरा गोंधळ तरंगांच्या धड्याने सुटतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असताना त्यातील इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी अंतर सरकतात. तरीही बटण दाबताच दिवा लागतो. कारण धावतो तो इलेक्ट्रॉन नसून क्षेत्रातील बदल, आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या घरातल्या वेगाने तारेच्या कडेने पसरतो. माध्यम जागच्या जागी, विक्षोभ पुढे, हीच गोष्ट इथे पुन्हा भेटते.

या सर्व धाग्यांची गाठ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने मारली. अर्स्टेडने १८२० साली विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे दाखवले, फॅरेडेने १८३१ साली बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतक्षेत्र निर्माण होते हे दाखवले. आता धारित्राचा, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या आणि मध्ये पोकळी असलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांचा विचार करावा. तो प्रभारित होत असताना तारेतून प्रवाह जातो, पण पट्ट्यांमधल्या पोकळीतून एकही प्रभार जात नाही. त्यामुळे तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र काढताना तारेला छेदणारे पृष्ठ घेतले तर एक उत्तर येते आणि पोकळीतून जाणारे पृष्ठ घेतले तर दुसरे, जे अशक्य आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांत हा विरोध उरत नाही, कारण पोकळीतील बदलते विद्युतक्षेत्र हेही प्रवाहासारखेच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते असे त्यांत गृहीत आहे. त्याला विस्थापन प्रवाह म्हणतात. बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्राला आणि बदलते विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला जन्म देऊ लागले की समीकरणांतून जे निघते ते तारेच्या आणि ध्वनीच्या अभ्यासात आधीच ओळखीचे झालेले तरंगाचेच समीकरण असते. त्यातला वेग केवळ वीज आणि चुंबकत्वाच्या टेबलावरच्या मोजण्यांवरून काढता येतो. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ साली केलेल्या अशा मोजणीवरून तो सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर येत होता. फिझोने दातेरी चाकाच्या साहाय्याने १८४९ साली मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर होता. या जुळणीवरून मॅक्सवेलने १८६० च्या दशकाच्या आरंभी निष्कर्ष काढला की प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग आहे. हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या अखेरीस असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण केले, आणि जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने निर्वाताच्या विद्युत आणि चुंबकीय अशा दोन स्थिरांकांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि एकाला त्याने भागावे. कॅल्क्युलेटरवर २९९ च्या पुढे उमटणारे आकडे हे मानवी बुद्धीच्या थोर यशांपैकी एक आहेत, आणि ते पाहण्यासाठी पदवीची वाट पाहावी लागत नाही.

एक सांधा अजून उरतो, आणि त्यावर हा अभ्यासक्रम संपतो. बंद, तापलेल्या पोकळीत विद्युतचुंबकीय तरंग भरलेले असतात, आणि त्यांत ऊर्जा कशी वाटली जाते हा प्रश्न तरंग, उष्णता आणि विद्युतचुंबकत्व या तिन्ही विषयांचा एकाच वेळी आहे. पोकळीतील कंपनप्रकार तारेच्या कंपनांप्रमाणेच मोजता येतात. प्रत्येकाला तापमानाच्या प्रमाणात सारखी ऊर्जा मिळते असे उष्णतेचे जुने शास्त्र सांगते. आणि जितकी वारंवारता जास्त तितके कंपनप्रकार अधिक असल्यामुळे एकूण ऊर्जा अनंत येते. तिन्ही विषय बरोबर शिकलेला विद्यार्थी या चुकीच्या उत्तरापर्यंत बिनचूक पोहोचतो. माक्स प्लांकने १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणात ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात ठरावीक पुड्यांनीच देता-घेता येते असे मानले, आणि तेव्हाच उत्तर मोजण्यांशी जुळले. त्याच्या सूत्रात तीन स्थिरांक आहेत: विद्युतचुंबकत्वातून आलेला प्रकाशाचा वेग, उष्णतेच्या शास्त्रातून आलेला बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि त्याचा स्वतःचा प्लांक स्थिरांक. पहिल्याचे मूल्य १९८३ साली आणि उरलेल्या दोहोंचे २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत कायमचे निश्चित करण्यात आले असून आज मीटर, केल्व्हिन आणि किलोग्रॅम ही एकके त्यांच्याच आधारे ठरतात.